फळ्यावरची दुसरी पायरी

पायरी १. द्रावण उकळा.

उकळलं. १९७४ चा मे, नागपूर. त्यासाठी भट्टी पेटवावी लागली हेच नवल. कारखान्याची कृती पडताळायला आलेले मुंबईचे वकील कृष्णकांत घाम पुसत बघत होते. त्यांच्या परदेशी कंपनीचं म्हणणं, क्षयाच्या गोळीची आमची कृती चंपतरावांनी चोरली. नव्या कायद्यानं औषधावर कुणाचा मक्ता नव्हता, ते बनवायच्या कृतीवर मात्र होता. कृती तीच निघाली तर चंपतरावांचा कारखाना बंद.

आणि वामनरावांची गोळीही बंद. ते प्रयागबाईंचे नवरे, क्षयाचे रोगी. प्रयागबाई इथं औषध बनवायच्या. कंपनीची महागडी गोळी त्यांना झेपणारी नव्हती.

भिंतीवर फळा. त्यावर चंपतरावांनी कंपनीचीच कृती शब्दशः उतरवलेली. खाली: ‘यात बदल करणाऱ्यास कामावरून काढण्यात येईल.’ वकिलांनी फळ्याचा फोटो काढला. दोनदा.

पायरी ३. गाळा.

“थांबा,” वकील म्हणाले. “दुसरी कुठे गेली? ‘बर्फात दोन तास थंड करा’?”

प्रयागबाई दचकल्या. द्रावण गरमच गाळून झालं होतं.

“फळ्यापरमानंच करतो जी मी! आजच चुकलं. देवाशप्पथ!”

चंपतराव उडालेच. “खोटं नोको बोलू वं बाई! रोज असंच करतं ना तू?”

“नाही मालक. मी तुमच्या शब्दाबाहेर नाही.”

“अवं, जाय ना बाहेर! हात जोडतो!”

“अन् मंग कामावरून काढसान.”

(इथं मालक स्टुलावर चढले आणि फळ्याची शेवटची ओळ बाहीनं पुसली.)

पायरी २. आता.

“बर्फवाला येते बारा वाजता,” प्रयागबाई सुटल्याच. “तवरी का भजन करू? गरमच गाळतो, ओल्या पोत्यात भांडं गुंडाळतो, वाळ्याच्या ताटीसमोर ठेवतो. चार वर्सं झाली. तपासणीत माल एकदाही नापास नाही.”

“अन् रोजचा बर्फ?” मालकांनी विचारलं.

“त्याचं आम्ही सरबत करतो.”

“माह्या बर्फाचं सरबत?”

“पाहा, आले का रागावर?”

“छे छे! झकास करतं!”

वकिलांनी सगळं लिहून घेतलं, पेनाला टोपण लावलं आणि एक पेला सरबत मागितलं. गोळीची कृती कंपनीहून निराळी होती.

पायरी ४. फळ्यावर नाही.

दुसऱ्या दिवशी बर्फवाला सकाळी आठलाच हजर. चंपतराव धावत फाटकाशी गेले आणि गाडीपुढे हात पसरून उभे राहिले.

“बाराच्या आत पाऊल टाकशील तर पाहाय!”