घरघर कुणाची

आमच्या ह्यांचा आवाज चांगला आहे, असं मी लग्नात ऐकलं आणि तेव्हापासून ऐकतेच आहे. शाळेत इतिहास शिकवायचे तेव्हा म्हणे शेवटच्या बाकावरचं पोरही दचकून जागं व्हायचं. निवृत्त झाल्यावर हा आवाज घरात मावेना. भाजीत मीठ कमी आहे हे ते असं सांगायचे, की शेजारीण तिच्या भाजीत मीठ घालून मोकळी व्हायची. एका कंपनीकडून पुस्तकं वाचून, रेकॉर्ड करून द्यायचं काम मिळू शकतं असं कळलं, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला.

काम अजून हातात नव्हतं. आधी नमुना पाठवायचा होता, एका जाडजूड कादंबरीचं पहिलं प्रकरण. पसंत पडलं तर अख्खी कादंबरी ह्यांची. निवृत्तीनंतर हा माणूस दुपारपर्यंत दाढीला हात लावत नव्हता, तो आता सकाळी गुळगुळीत दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून संगणकासमोर बसायला लागला. ऐकणाऱ्याला शर्ट दिसत नाही, हे मी मुद्दामच सांगितलं नाही. बघून बरं वाटत होतं.

नमुना परत आला. तिकडे रेकॉर्डिंग तपासणाऱ्या एक बाई होत्या. त्यांना आम्ही घरात कानवाल्या बाई म्हणायचो. त्यांनी कळवलं होतं, 'वाचन उत्तम. मागे घरघर येते. ती काढून पुन्हा पाठवा.'

घरघर कसली, हा प्रश्नच नव्हता. आमच्या संगणकाचा पंखा सुरू झाला की घरात पिठाची गिरणी उघडल्यासारखं वाटायचं. हे खोलीतून ओरडले, "अगं, पंखा कमी कर!" मी उठून छताचा पंखा कमी केला. हे घामाघूम होऊन वाचत राहिले, आणि प्रकरण संपवून बाहेर येऊन मलाच विचारतात, "केला नाहीस ना कमी?" संगणकाचा पंखा कुठून कमी करतात हे मला माहीत नव्हतं. ह्यांनाही नव्हतं, पण ते तसं म्हणणार थोडेच!

शेवटी दिरांना बोलावलं. भाऊजींचं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. त्यांनी संगणकाचा डबा उघडला तर आत धूळ एवढी, की एखादी उशी भरून झाली असती.

"दादा, मशीन तापलं की पंख्यानं पळायचं असतं," भाऊजी म्हणाले. "हा उगाचच पळतोय. तू वाचतोस तेव्हा मशीनला काही काम नसतं. तेव्हा त्यानं निवांत फिरावं, तापलं तरच जोर करावा, असं सेटिंग करून देतो."

धूळ काढली, सेटिंग बदललं, घरघर निम्मी झाली. पण निम्म्यावर समाधान मानतील तर ते आमचे हे कसले! भाऊजींची पाठ वळताच त्यांनी स्वतः सेटिंगमध्ये हात घातला आणि पंख्याला पार रांगायला लावलं. प्रकरण रंगात आलं, वादळात जहाज बुडायला आलं, आणि मशीन तापून बंद पडलं. जहाज राहिलं बाजूला, ह्यांचं वाचनच बुडालं.

भाऊजी पुन्हा आले. या वेळी त्यांनी छोटा पंखा काढून मोठा बसवला. "मोठा असला ना वहिनी, की हळू फिरला तरी हवा तेवढीच देतो. आवाजही नाही."

"घरात अनुभव उलटा आहे," हे माझ्याकडे बघून म्हणाले. त्या दिवशी चहा फक्त भाऊजींना मिळाला.

आता संगणक चालू आहे की बंद, हे बघायला दिव्याकडे बघावं लागायचं. पुन्हा वाचलं, पुन्हा पाठवलं. उत्तर आलं, 'घरघर अजून आहे. सोमवारी फोन करते. तोपर्यंत जमलं तर बघा, नाहीतर आमचा नाइलाज आहे.'

मग मात्र ह्यांच्या अंगात आलं. फ्रिज बंद. भिंतीवरचं घड्याळ कपाटात, स्वेटरांच्या खाली. गळक्या नळाच्या तोंडाला फडकं. दूध नासलं, पण त्याचा आवाज होत नसल्यामुळे ह्यांची तक्रार नव्हती.

"संसाराला घरघर लागते म्हणतात ती हीच," मी म्हटलं.

"तू जरा गप्प बस," म्हणाले.

रविवारी दुपारी मीच कंबर कसली. म्हटलं, तुम्ही वाचा, मी शोधते. टेबलाखाली शिरून संगणकाच्या डब्याला कान लावला. डबा गप्प. पण घरघर तर येत होती. ह्यांचं वाक्य संपलं की यायची, वाक्य सुरू झालं की लपायची. उंदराच्या मागावर मांजर निघावं तशी मी गुडघ्यांवर सरकत तिच्या मागे गेले, आणि पोचले ती थेट ह्यांच्या पाठीशी. कान टेकवला. गिरणी आत चालू होती.

"काय चाललंय तुझं?"

"श्वास घ्या."

"घेतोच आहे की."

"मोठा घ्या."

घेतला. आधी बारीक शिट्टी, मग घरघर.

मी घाबरले. जिना चढताना हे मधेच थांबून शेजाऱ्यांच्या दारावरच्या पाट्या का वाचतात, ते तेव्हा कळलं. एवढे दिवस मी पंख्याला शिव्या घालत होते, आणि तो मेला ह्यांचं झाकत बसला होता.

"कधीपासून आहे हे?"

"असेल वर्षभर. वयाचं आहे." मग आवाज एकदम खाली आणून म्हणाले, "हे बघ, उद्या फोन आला की पंख्याचंच सांगायचं. नवा मागवलाय म्हणायचं. पंखा खराब म्हटलं की मुदत मिळते. माणूस खराब म्हटलं की त्यांना दुसरा माणूस मिळतो."

खरंच होतं ते.

सोमवारी फोन आला तो मी उचलला. हे समोर उभे राहून संगणकाकडे बोट दाखवत होते.

"सापडली का हो घरघर?" कानवाल्या बाईंनी विचारलं.

"सापडली," मी म्हटलं. "पंख्याची नाही, नवऱ्याची आहे. आधी दुरुस्त करून घेते, मग पाठवते."

बाई हळूच म्हणाल्या, "आधी तब्येत बघा. पण आमची तारीख थांबायची नाही हो. ही कादंबरी मला दुसऱ्या कुणाकडे द्यावी लागेल."

"द्या," मी म्हटलं.

फोन ठेवला तोच ह्यांनी शाळेतला आवाज लावला. "घालवलंस! माझं काम घालवलंस तू! निवृत्तीनंतर पहिल्यांदा मला कुणीतरी..."

इथे दम संपला. हात वर, तोंड उघडं, आणि उरलेलं वाक्य छातीनंच पुरं केलं. ते आम्ही दोघांनी ऐकलं. घरात ऐकू येण्यासारखं दुसरं काही शिल्लकच नव्हतं.

हे खुर्चीत बसले. म्हणाले, "दवाखाना किती वाजता उघडतो?"

"उघडलाय," मी म्हटलं. "चला."