बरोबरची माणसं

विट्याच्या स्टँडवर मानसिंगला बसवेना. सोमवारी मिरजेच्या डॉक्टरांना उत्तर द्यायचं होतं आणि आज शनिवार. त्याचे वडील लालासाहेब, फौजेतले निवृत्त हवालदार, वडूजच्या शाळेत कवायत घेत. त्यांच्या स्वरयंत्रातल्या कॅन्सरची गाठ आता मानेत उतरली होती. डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या होत्या. स्वरयंत्र काढून वर किरणांचा शेक घ्यायचा. त्यात रोग उलटायची भीती कमी, पण आवाज कायमचा जाणार. नाहीतर नुसताच कोबाल्टचा शेक. आवाज बहुधा राहील, जिवाची खात्री कमी. "दोन्ही तऱ्हेची माणसं बघून या," ते म्हणाले होते.

विट्याचा बाळासो शिंपी ऑपरेशन झालेला. गळ्याच्या भोकावर पांढरं फडकं, श्वास तिथूनच. तो पाटीवर लिही, बायको शालूबाई वाचून दाखवी.

"आता भांडणात मीच जितती बघा."

बाळासोनं खडू ओढला. 'आधी पण हीच जितायची.'

तो हसला तेव्हा फडकं तेवढं हललं. लालासाहेब चहा अर्धा टाकून उठले.

औंधला मात्र सयाजीनं दारातूनच हाक दिली, "या हवालदार!" शेक घेतलेला गडी. तोंड कोरडं पडतं म्हणून हाताशी पाण्याचा तांब्या, एवढंच. लालासाहेबांचा चेहरा फुलला.

"ठरलं," ते बसक्या आवाजात म्हणाले. "शेकच. पोरांना 'सावधान' काय पाटीवर लिहून दावू?"

मानसिंग उंबऱ्यापर्यंत गेला, परत आला. बी.एस्सी.ला एकाच परीक्षानळीवरून निष्कर्ष काढला की सर प्रयोग पुन्हा करायला लावत. इथं फुटलेल्या नळ्या कुणी दाखवल्याच नव्हत्या. दार उघडायला जे उरले, तेवढेच भेटत होते. विचारलं तर आबांचा फुललेला चेहरा मावळेल. न विचारलं तर?

"सयाजीआण्णा, याच आजाराचे तुमच्याबरोबर शेकायला आणखी कोण होते?"

सयाजीनं तांब्या खाली ठेवला. "चौघं हुतो. दहिवडीचा गुंडा गेला. कासेगावचा आप्पासो बी गेला. एक मास्तर हायती... आन् मी."

लालासाहेब मुलाकडं वळले. "शिंप्याला इचारलंस ह्ये?"

"न्हाई."

"मग? एकाच पलटणीची हजेरी घेतू व्हय?"

आल्या वाटेनं ते परत विट्याला गेले. बाळासोनं पाटी पुसली, बोटांवर मोजलं आणि लिहिलं, 'पाच होतो. एक गेला.'

"आबा, माणसं फार थोडी आहेत," बाहेर पडताना मानसिंग म्हणाला. "कुणाचा आजार किती वाढलेला होता, तेही ठाऊक नाही. यावरून काहीच सिद्ध होत नाही."

"मग ऱ्हाऊ दे सिद्ध. सोमवारी डॉक्टरला तूच सांग, काढा म्हनून."

एवढ्यात वडूजची एसटी स्टँडातून बाहेर पडली. लालासाहेबांनी हात वर केला.

"थांब रंऽऽ!"

आवाज मधेच फाटला, पण गाडी थांबली. कंडक्टरनं दार उघडलं. लालासाहेब धापा टाकत चढले, खिडकीशी बसले.

"उद्या इतवार हाय," ते म्हणाले. "तरी पोरांना कवायतीला मैदानावर बोलाव."

मानसिंगनं मान हलवली. पाचांत चार, चारांत दोन. वडूज येईपर्यंत तो तेच उलटसुलट मांडत राहिला.