हाताने आणलेलं पाणी

सलग चौथ्या खेपेला कालवांची पिल्लं मेली, तेव्हा धाकटी रडली नाही. तिने टाकी रिकामी केली, घासूनपुसून उलटी घातली आणि तिच्या मार्गदर्शक मॅडमच्या खोलीचं दार वाजवलं.

दोघी बहिणींत लहान म्हणून ती धाकटी. तिची ताई विभागात फोन करून "जरा धाकटीला द्या" असं इतक्यांदा म्हणाली होती, की समुद्रविज्ञानाच्या त्या विद्यापीठातही सगळे तिला त्याच नावाने ओळखू लागले होते. आईवडिलांमागे ती ताईकडेच राहत होती आणि कालवांवर पीएचडी करत होती. कालवं म्हणजे खडकाला घट्ट धरून बसणारे ओबडधोबड शिंपले. पण जन्मल्यावर पहिले काही आठवडे ती पाण्यात मोकळी पोहतात, धुळीच्या कणासारखी. मग एक जागा पसंत करतात आणि तिथे चिकटतात ती कायमची. धाकटीची पिल्लं पोहता पोहताच तळाला बसायची आणि मरायची.

मॅडमना त्याचं नवल वाटत नव्हतं. पंपाने प्रयोगशाळेत येणाऱ्या खाडीच्या पाण्यात त्यांचीही पिल्लं जगली नव्हती. खाडी आता कालवांना जन्म देण्याच्या लायकीची उरलेली नाही, असा निबंध त्यांनी आदल्या वर्षी छापला होता. तो नगरपालिकेच्या हाती लागला. खाडी मेलेलीच आहे, तर तिच्यात भराव टाकून मालधक्का बांधायला काय हरकत, असा विचार तिथे सुरू झाला आणि सुनावणीत बोलायला मॅडमनाच बोलावणं आलं.

"विषय बदल," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "माझ्या हाताखाली तुझी उमेदीची वर्षं फुकट गेलेली मला बघवणार नाहीत."

खडकांवर जुनी कालवं अजून आहेत, असं धाकटीने सांगून पाहिलं. मोठी कालवं पुष्कळ काही सोसतात, पिल्लं सोसत नाहीत, असं मॅडमनी उत्तर दिलं. ते खरंच होतं. धाकटीने विचार करायला थोडे दिवस मागून घेतले आणि ती बाहेर पडली.

घरी जाण्याऐवजी ती खाडीवर गेली. ओहोटी लागली होती. चप्पल हातात घेऊन ती खडकाखडकांतून फिरली, वाकून खालच्या बाजू बघत. एका कपारीत तिला नखाएवढी कालवं दिसली. कवच अजून पातळ, कडा ब्लेडसारख्या धारदार. ही जुनी नव्हतीच, यंदाचीच होती. म्हणजे खाडीत पिल्लं जगत होती आणि त्याच खाडीच्या पाण्यावर टाकीत मरत होती. धाकटी तिथेच खडकावर बसली. कुठेतरी काहीतरी चुकत होतं आणि ते शोधल्याशिवाय विषय बदलायचा नाही, एवढं तिने मनाशी पक्कं केलं.

खाडीचं पाणी पंपाला आणि नळाला न शिवता, स्वतः भरून आणायचं असं तिने ठरवलं. ते एका टाकीत, आणि शेजारच्या टाकीत पंपावरून येणारं नेहमीचं नळाचं पाणी. बाकी सगळं सारखं: पिल्लं एकाच जोडप्याची, खाणं एकाच बाटलीतलं.

बोलायला सोपं होतं. भरलेला कॅन उचलताना कंबरेचा काटा ढिला व्हायचा, आणि रिक्षावाले ओल्या कॅनकडे बघून मान फिरवायचे. शेवटी भावोजी मदतीला आले. ते शाळेची व्हॅन चालवायचे. सकाळी मुलांना सोडलं की दुपारपर्यंत गाडी रिकामी असायची.

"लोक मेहुणीला सिनेमाला नेतात," कॅन चढवता चढवता ते म्हणाले, "आणि मी चिखलात नेतो. माझं नशीबच खारट."

आठवडाभरात व्हॅनला समुद्राचा वास लागला आणि मुलांच्या आया कुरकुर करू लागल्या. ताईने शिलाईमशीन बाजूला ठेवून सीटची सगळी कव्हरं उसवली, धुतली आणि पुन्हा शिवली. तिच्या तोंडाचा पट्टा मात्र चालूच होता. कालवांच्या संसारापायी माझा संसार पाण्यात चाललाय, म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी व्हॅनमध्ये अंथरायला जुनं प्लॅस्टिक तिनेच काढून दिलं.

पहिला प्रयोग वाया गेला. सुट्टीच्या दिवशी खोलीचा एसी बंद पडला, पाणी तापलं आणि दोन्ही टाक्यांतली पिल्लं गेली. त्या दिवशी धाकटी जेवली नाही. सकाळी ती कॅन घेऊन व्हॅनपाशी उभी होती. भावोजींनी मागचं दार उघडलं.

दुसऱ्या खेपेला नळाच्या टाकीतली पिल्लं नेहमीसारखीच तळाला बसली. हाताने आणलेल्या पाण्यातली मात्र पोहत राहिली. मायक्रोस्कोपखाली ती गरगर फिरताना धाकटीने पुन्हा पुन्हा पाहिली. तरीही तिने मॅडमना लगेच सांगितलं नाही. एकदा जमलं तो योगायोगही असू शकतो. तिने सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं, आणि पुन्हा तेच झालं.

मग ती नळाच्या मागे लागली. टाकीपासून पंपापर्यंतची पाइप तिने हाताने चाचपत तपासली, कुठे टेबलाखालून रांगत, कुठे भिंतीला गाल टेकवून. गाळणीच्या खोलीत, पिंपांच्या मागे, सगळ्या प्लॅस्टिकच्या जोडांमध्ये एक पितळी व्हॉल्व्ह निघाला. त्यावर हिरवा गंज चढला होता. पितळेत तांबं असतं. खाऱ्या पाण्यात ते हळूहळू विरघळतं आणि कालवांच्या पिल्लांना त्याचा अंशही सोसत नाही. पाणी तपासायला दिलं, तर खाडीत जवळजवळ नसलेलं तांबं नळाच्या पाण्यात भरपूर निघालं. चौकशी केली, तर तो व्हॉल्व्ह पंपाच्या दुरुस्तीत बसवल्याचं कळलं, मॅडमचे निबंधासाठीचे प्रयोग सुरू होण्याआधी.

हे सांगायला जाणं धाकटीला सोपं नव्हतं. या बाईंनी तिला मायक्रोस्कोप धरायला शिकवला होता. आईच्या आजारपणात रजा मिळवून दिली होती. पण सुनावणी तोंडावर होती आणि गप्प बसणं तिच्याने होणार नव्हतं.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या थोड्या तडकूनच म्हणाल्या, की दोन टाक्यांच्या जोरावर माझं काम खोटं ठरवायला निघालीस का?

"खोटं नाही म्हणत, मॅडम. तुम्ही मोजलंत ते बरोबरच होतं. फक्त ते खाडीचं पाणी नव्हतं. आपल्या पाइपचं होतं."

मॅडम उठल्या आणि गाळणीच्या खोलीत गेल्या. पिंपांमागे ओणव्या होऊन बराच वेळ बघत राहिल्या. उठताना त्यांनी धाकटीच्या खांद्याचा आधार घेतला.

"दुरुस्तीत काय बदललं, हे मी विचारायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "विचारलं नाही. आणखी एकदा करू. या वेळी माझ्यासमोर."

त्या खेपेला टाक्यांना खाणं मॅडमनी स्वतः घातलं. पिल्लं जगली. पण सगळी नव्हे. मॅडम स्वतः शिकत होत्या तेव्हा जितकी जगायची, त्याच्या निम्मीच. धाकटी हिरमुसली. तिला मनातून ठणठणीत खाडी दाखवायची होती. मॅडम म्हणाल्या, जे निघालं तेच सांगायचं, कमी नाही आणि जास्त नाही.

सुनावणीत मॅडम उभ्या राहिल्या आणि माझा निबंध चुकीचा होता, तो मी मागे घेतला आहे, असं त्यांनी सरळ सांगितलं. सभागृहात कुजबुज झाली. कुणीतरी उपहासाने विचारलं, मग खाडी जिवंत आहे की मेलेली, काय ते एकदाच सांगा.

"आजारी आहे," मॅडम म्हणाल्या. "आजारी माणसाला कुणी पुरत नाही. आजार कशाचा ते ही मुलगी शोधेल."

भरावाचा निर्णय तूर्त पुढे ढकलला गेला. रद्द झाला नाही, हे धाकटीला पक्कं ठाऊक होतं. प्लॅस्टिकचा नवा व्हॉल्व्ह बसला, तेव्हा ती तिथे नव्हती. खाडीला मिळणाऱ्या सगळ्या नाल्यांच्या तोंडांचं पाणी वेगवेगळं भरायचं होतं, आणि भावोजींची व्हॅन दुपारपर्यंतच मोकळी होती.