नलूच्या गादीचे चार कोपरे

मी कापूस पिंजायची एक जुनी कमान आहे. आज आर्वीत एका माळ्यावर धूळ खात पडले आहे, पण म्हणून मला बावळी समजू नका, मित्रांनो! १९७१ साली दौलतराव सुतारांनी मला घडवले आणि शेख गुलाब पिंजाऱ्यांनी मला तात चढवली. तात म्हणजे आतड्याची दोरी. तिच्यावर लाकडी ठोकळा बसला की मी गाऊ लागे आणि दबलेला कापूस भुरूभुरू फुलून येई.

दर उन्हाळ्यात गुलाबमिया मला खांद्यावर टाकून आर्वीहून रोहणा गावी जात. लग्नाच्या मुलीची गादी भरायची तर त्यांनीच. त्या गादीचे कोपरे बसू नयेत म्हणून ते कापसाचे चार घट्ट गोळे वळून चार कोपऱ्यांत घालत. इतर गाद्यांना हा मान नसे. कौतुक त्यांचे व्हायचे आणि फुगायची मी!

ऐंशीच्या दशकात एका मे महिन्यात दूरच्या शहरांत बॉम्ब फुटल्याच्या बातम्या आल्या. कोणी ठेवले, ते पोलिसांनाही ठाऊक नव्हते. रोहण्याच्या पारावर मात्र निकाल लागून गेला होता. आम्ही रस्त्याने निघालो की माणसे बोलता बोलता गप्प होत. गुलाबमियांना ते कळत होते. ते मान खाली घालून कामाला लागत.

शकुबाईच्या नलूचे लग्न तीन दिवसांवर आले होते. शकुबाई विधवा. लेकीला द्यायला तिच्यापाशी घरच्या कापसाची ही एक गादीच होती. गुलाबमियांनी ती भरून दिली आणि आम्ही शेजारच्या कुसुमबाईच्या अंगणात काम मांडले. तेवढ्यात नलूचे काका नत्थूजी गादी उचलायला आले. त्यांच्या हाताला कोपऱ्यात टणक गाठ लागली.

"वहिनी, मांगं सरा! गादीत बॉम्ब हाये!"

"भाऊजी, काहीतरीच काय बोलता? गुलाबमियानं भरली हाये ते!"

"म्हून त म्हन्तो!"

अहो, हेच नत्थूजी चौदा वर्षे गुलाबमियांच्या हातच्या गादीवर घोरत होते! पण भीतीपुढे शहाणपण चालत नाही. बॉम्ब पाण्यात विझतो, असे कोणीतरी म्हणाले आणि नत्थूजींनी लांब बांबूने ढकलत ती कोरी गादी बैलांच्या हौदात लोटली. नलू मोठ्याने रडू लागली.

रडणे ऐकून गुलाबमिया धावले. मला त्यांनी खाली ठेवलेही नव्हते. त्यांनी गादी बाहेर ओढली, टाका उसवला आणि पाणी गळणारा एक गोळा नत्थूजींच्या तळहातावर ठेवला.

"हा घ्या बॉम्ब. पोरीच्या गादीचे कोपरे बसू नाई, म्हून भरला होता."

कोणी हसले नाही. गुलाबमिया पुढचा कोपरा उसवू लागले.

"ते बॉम्ब फुटले ना, नत्थूजी, त्या शुक्रवारी आमी मशिदीत मेलेल्यायसाठी दुवा मागतली. माह्या घरी चूल नाई पेटली त्या दिवशी. हे तुमाले कोनी सांगतलं नाई?"

त्याच पावली ते आर्वीला निघून गेले असते, तर त्यांना कोण नावे ठेवणार होते? पण त्यांनी ओला कापूस उन्हात पसरला. दोन दिवस ते मला वाजवत राहिले. त्यांच्या तळहाताची साल निघाली, तरी मला खाली ठेवले नाही. नत्थूजी उन्हात बसून कापूस उलथत होते. चारही कोपऱ्यांत पुन्हा चार गोळे गेले. अशा माणसाच्या हातात मी आयुष्य काढले, याचा मला अभिमान आहे.

गुलाबमिया निघाले, तेव्हा नत्थूजींनी त्यांचे हात धरले. "चुकलं माह्यं, गुलाबभाई."

"चुकलं त चुकलं. पन मले एक आवाज काऊन नाई देल्ला? मी त बाजूच्याच आंगनात होतो."

मित्रांनो, पुढे यंत्रे आली आणि माझी तात सैल पडली. त्याचे मला फारसे दुःख नाही. गुलाबमियांचा तो प्रश्न मात्र मला अजून सलतो. दूर कुठे स्फोट झाला आणि तुम्हाला शेजाऱ्याची भीती वाटू लागली, तर कृपा करून बांबू शोधू नका. त्याला हाक मारा. तो हाकेच्या अंतरावरच असतो.