चौथ्या भागाचं शिवलेलं प्रकरण

मी चौथा बोलतोय. जरा हळूच बोलतो, कारण मावशींचे कान तिखट आहेत आणि त्या पलीकडेच बसून वाचकांची कार्डं लावतायत. मी त्यांच्या टेबलावर उताणा पडलोय. आज माझं काय होणार ते कळणार आहे आणि माझी पाचावर धारण बसली आहे.

आम्ही सहा भाऊ. जादूगारांच्या शाळेची एक लांबलचक गोष्ट आम्हा सहा जणांत वाटलेली आहे. पहिल्यात उडत्या होड्या आणि एक तोंडाळ छत्री आहे, त्यामुळे तो सगळ्यांचा लाडका. दुसऱ्यात नुसती धमाल, तिसऱ्यात लढाई. पाचवा आणि सहावा ऐटीत असतात, कारण तिथवर पोचलेला वाचक सहसा पळून जात नाही. मधे मी. लोक मला भितात, आणि खरं सांगायचं तर मी लोकांना त्याहून जास्त भितो. छापखान्यात कापणीच्या यंत्राचं पातं माझ्या कडांवरून गेलं, तेव्हा भरलेली धडकी काही अजून उतरलेली नाही.

लॉन्ड्रीच्या वर, अरुंद जिन्याच्या टोकाला आमचं वाचनालय आहे. खालून इस्त्रीची गरम वाफ येते, वर जुन्या कागदाचा वास. मावशी म्हणजे इथल्या ग्रंथपाल. त्यांची एक रीत आहे. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी त्या एक कोरा कागद चिकटवतात आणि वाचकाला बजावतात, "वाचलंत ना? मग मत लिहा. पेन्सिलीनेच लिहा, म्हणजे बदललं तर खोडता येईल."

माझ्या पाठीवरच्या मतांइतकी मतं कुणाच्याच पाठीवर नाहीत. आणि ती सगळी एकाच प्रकरणावर आहेत.

त्या शाळेत एक म्हातारा दिवेवाला आहे. रोज संध्याकाळी तो जिने चढून मंत्राने दिवे लावतो, आणि कुठलं पोर कशाला भितं ते त्याला बरोबर ठाऊक असतं. तीन भाग वाचक त्याच्या मागे मागे जिने चढतात. माझ्यात येऊन तो एका खुर्चीत बसतो, पोरांना म्हणतो, "आज तुम्ही लावा," आणि पुन्हा उठत नाही. शाप नाही, लढाई नाही, कुणी दुष्ट नाही. तो म्हातारा होता, म्हणून गेला. वाचकांना हेच सहन होत नाही.

"लढाईत गेला असता तर समजू शकलो असतो. खुर्चीत? जादूगार असून?" असं एकाने लिहिलंय. त्याखाली, "तिसऱ्यावर थांबा. माझं ऐका." त्याखाली वेगळ्या अक्षरात, "ऐकलं नाही. ऐकायला हवं होतं." कुणा वयस्कर वाचकाने थरथरत्या हाताने लिहिलं, "आवडलं. असंच जायला मिळावं." त्याला लगेच उत्तर आलं, "आजोबा, तुमचं ठीक आहे, आम्ही काय करायचं?" आपल्या तोंडावर नाही, पण आपल्या पाठीवर लोक काय लिहितात हे दिवसरात्र वाचत जगायचं. माझ्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही भित्रे झाला असता.

मग एके दिवशी औषधाच्या दुकानातल्या बाई जिना चढून आल्या आणि त्यांनी मला टेबलावर आदळलं.

"पुस्तक देता की दुखणं देता हो? माझी जुळी पोरं घरातले सगळे दिवे लावून झोपतात. एक विचारतो, बाबा खुर्चीत बसलेत, उठतील ना? मी काय सांगू?"

"बाई, गोष्ट आहे ती," मावशी म्हणाल्या.

"गोष्ट असो नाहीतर काही असो, हे मुलांच्या हातात द्यायचं नाही."

मावशींचा जीव माझ्यावर आहे. मला रद्दीत टाकणं त्यांना जमेना आणि तसाच फळीवर ठेवणंही जमेना. शेवटी त्यांनी मधला मार्ग काढला: ते एक प्रकरण कडेने शिवून टाकायचं. बाकीचं पुस्तक वाचा, तेवढं सोडा. सुंठीवाचून खोकला जाईल, असं त्यांना वाटलं. शिवण उसवणाऱ्याचं सभासदत्व रद्द, अशी चिठ्ठीही त्यांनी माझ्या कपाळावर लावली आणि मला बाइंडरकडे धाडलं.

बाइंडरचं दुकान म्हणजे रस्त्याकडे उघडणारी एक खोली, पडद्यामागे घर. खळीचं पातेलं, दोऱ्याला लावायचं मेण, पुठ्ठ्यांच्या चळती. कामाच्या पाटाशी दोन तिवया. एकीवर तो बसतो, दुसरी रिकामी. शिवायच्या आधी पानं नीट जुळवून घ्यावी लागतात. जुळवता जुळवता त्याची नजर ओळींवर अडकली आणि तो वाचतच गेला. मग चष्मा काढून बसला. माझ्या एका पानावर काहीतरी ओलं पडलं, तिथे कागद अजून फुगलेला आहे.

त्याची बायको चहा घेऊन बाहेर आली. "अहो, काय झालं?"

"काही नाही. खळीची वाफ गेली डोळ्यात."

"खळ तर गार आहे." तिने कप ठेवला. रिकाम्या तिवईकडे बघत ती म्हणाली, "पोरीला सांगायला हवं आता."

"परीक्षा होऊ दे म्हटलं होतं ना."

"परीक्षा झाली, निकाल लागला. आता काय तिच्या लग्नापर्यंत थांबणार?"

"कसं सांगू? आता सांगितलं की विचारेल, तेव्हा का नाही सांगितलं."

त्यांच्या पुढच्या बोलण्यातून मला कळलं. ती तिवई बाइंडरच्या वडिलांची होती. नातीच्या परीक्षेच्या दिवसांत ते दवाखान्यात गेले आणि तिथेच संपले. नात तेव्हा अभ्यासाला मामाकडे होती. ती परत आली तेव्हा आबा लांब काकांकडे हवापालटाला गेलेत असं तिला सांगितलं गेलं. शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही तंबी दिलेली होती. एक थाप मारली की ती टिकवायला रोज नवी मारावी लागते, आणि त्या घरात तेच चाललं होतं.

बाइंडरने दुहेरी दोरा घेतला, त्याला मेण लावलं आणि दाभणाने मला टोचायला सुरुवात केली. दुखलं असं म्हणणार नाही, पण भोकाभोकाला जीव दचकत होता. इतकी दाट शिवण त्याने आजवर कुठल्याच पुस्तकाला घातली नसेल.

मी फळीवर परतलो. आता सगळं शांत होईल असं मावशींना वाटलं होतं, पण भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते खोटं नाही. पोरं मला हातात घ्यायची, शिवणीच्या फटीला डोळा लावायची आणि किंचाळून खाली टाकायची. पाठीवर नवी मतं आली. "आत सगळेच मरतात म्हणे." "आत खरा मंत्र आहे, वाचणारा आंधळा होतो." "माझ्या चुलतभावाच्या मित्राने वाचलं, तो अजून बोलत नाही." आत काय आहे ते मला माहीत होतं. एक म्हातारा, एक खुर्ची, चार रडणारी पोरं. पण रोज ती मतं वाचून मलाच शंका यायला लागली. संध्याकाळी वाचनालय बंद झालं की वाटायचं, आपल्या पोटात खरंच काहीतरी बसलंय, आणि ते या दोऱ्यांवर आतून ढुशा देतंय.

अशातच बाइंडरची मुलगी आली. पोरं तिला भागूबाई म्हणायची, कारण माझा विषय निघाला की ती कानावर हात ठेवायची. पण तिसरा संपला की चौथा, असा तिचा सरळ हिशेब. तिने मला उचललं, शिवणीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "ही तर बाबांची शिवण."

सगळ्या गावात हीच पोर उरली होती का मला न्यायला? हिच्या घरात तर माझ्या पोटातलीच गोष्ट लपवलेली. दोरा तुटला तर काय होईल हिचं?

दुकानात ती त्या रिकाम्या तिवईवर बसून मला वाचायची. कुणी हटकलं तर म्हणायची, "आबा येईपर्यंत मी बसते." बाइंडर मान खाली घालून कापड कापत राहायचा.

शिवलेल्या प्रकरणापाशी आली तेव्हा तिने शहाण्यासारखा तो शिवलेला गठ्ठा उलटला आणि पुढे वाचायला लागली. पण पुढे दिवेवाला कुठेच नव्हता. पोरंच दिवे लावत होती. त्याचं नाव निघालं की बोलणं थांबायचं, कुणीतरी खिडकीबाहेर बघायचं, कुणीतरी विषय बदलायचं. तिने मला मिटलं. मग पडदा सारून आत हाक मारली.

"आई, आबांचा फोन का येत नाही?"

"अगं, तिकडे रेंज नसते." आई चुलीकडे तोंड करून म्हणाली.

"काकांचा येतो की."

आईने भांडं उगाचच जोरात घासायला घेतलं. पोर परत तिवईवर येऊन बसली. तिने पाटावरची कातडं कापायची बारीक सुरी उचलली आणि माझ्या पहिल्या टाक्याखाली घातली. मला ओरडता आलं असतं तर ओरडलो असतो: नको गं बाई, मी वाईट आहे, सगळे लिहून गेलेत माझ्या पाठीवर!

तेवढ्यात बाइंडर पुठ्ठे घेऊन दारात आला.

"काय करतेस ते?"

"बाबा, यात काय आहे?"

"काही नाही. कंटाळवाणं प्रकरण आहे."

"कंटाळवाणं कुणी दुहेरी दोऱ्याने शिवतं का?" सुरी तिने सोडली नाही. "तुम्ही वाचलंय ना? मग सांगा. दिवेवाल्या आजोबांचं काय झालं?"

बाइंडर पुठ्ठे भिंतीला टेकवून तिच्यासमोर बसला. "दे इकडे. हात कापून घेशील. मी शिवलंय, मीच उसवतो."

एकेक टाका त्याने तोडला. ओढलेल्या दोऱ्याचा कर्रकर्र आवाज मला अजून ऐकू येतो. आई पडद्यात येऊन उभी राहिली. त्याने मोठ्याने वाचायला सुरुवात केली, खुर्चीपर्यंत आला आणि अडला. पुढचं तिने वाचलं, बोट ठेवून, हळूहळू. प्रकरण संपलं. आंधळं कुणी झालं नाही.

ती म्हणाली, "आबा काकांकडे नाहीत ना?"

"नाहीत," बाइंडर म्हणाला.

मला वाटलं होतं ती रडेल. ती आधी चिडली. मला तिने भिरकावून दिलं, माझा कोपरा दुमडला. "माझी परीक्षा कधीच संपली होती! मी रोज त्यांची वाट बघत होते इथे! सगळ्यांना माहीत होतं आणि मी एकटी वेड्यासारखी बसले होते!" मग ती रडली, आणि आईने जवळ बोलावलं तरी बराच वेळ तिच्याकडे गेली नाही. थोड्या वेळाने तिने बापाला विचारलं, "तुम्ही होतात तिथे? काय म्हणाले शेवटी?"

"विचारलं, आज कुठला पेपर होता." त्याने चष्मा काढला. "गणिताचा, म्हटलं. तर म्हणाले, मग पोर दमून आली असेल, तिला उठवू नका."

माझ्या पाठीवर तिने लिहिलं ते असं: "वाचून खूप रडू येतं. पण शिवलेलं असतं तेव्हा जास्त भीती वाटते." पेन्सिल इतकी दाबून लिहिलंय की खोडलं तरी जाणार नाही.

शिवण उसवलेली बघून मावशी आधी रागावल्या, मग ते मत वाचून त्यांनी माझ्या कपाळावरची चिठ्ठी काढून टाकली. पण औषधवाल्या बाईंना कळायचं राहिलं नाही. वाचनालयाची समिती बसली. पुन्हा शिवा, असा निरोप बाइंडरला गेला. तो हात जोडून म्हणाला, "मावशी, दुसरं कुठलंही काम सांगा. हे माझ्याच्याने होणार नाही." मावशींना ते पटलं, समितीला नाही. पुलापलीकडच्या दुसऱ्या बाइंडरला आज बोलावलंय. त्याला आत काय आहे याच्याशी काही देणंघेणं नाही. तो चांगला जाड दोरा वापरतो असं ऐकलंय.

म्हणून मी हा असा उघडा पडून आहे, जुनी भोकं घेऊन. मला चांगलं म्हणा असं माझं मागणं नाही. पाठीवर अजून जागा आहे, हव्या तेवढ्या शिव्या लिहा. फक्त वाचून लिहा.

जिन्यात पावलं वाजतायत. मावशींनी कार्डं खाली ठेवली. पावलं त्या जाड दोऱ्यावाल्याची आहेत की कुणा वाचकाची, मला ओळखता येत नाही. तू वाचक असशील, तर बाबा रे, दोन दोन पायऱ्या चढून ये.