पिवळा काठ

आमच्या घराण्यात काम बिघडलं की आधी रंगाला दोष द्यायची रीत आहे. आजोबा आणि वडील म्हैसुरात लुगडी छापायचे. ठसा वाकडा बसला तरी म्हणायचे, रंगच पातळ झाला होता. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! छपाई बंद पडली, मी फरशीच्या कामात शिरून मेस्त्री झालो, तेव्हापासून मी सिमेंटला दोष देतो. पण ज्या कामाची ही गोष्ट आहे त्यात सिमेंट उत्तम होतं, वाळू तीनदा चाळलेली होती आणि एकही फरशी सूतभर हलली नव्हती. चूक माझी होती, आणि ती माझ्या थोरल्या बहिणीच्या मांडीच्या हाडावर निघाली.

अनुसूयाक्का माझ्याहून सात वर्षांनी मोठी. लहानपणी ती वडिलांच्या शेजारी बसून ठसे मारायची. माझ्या हातात पहिला ठसा दिला तो तिनंच. तिनं लग्न केलं नाही, आमच्याच घरी राहिली. पन्नाशीत काचबिंदूनं तिची नजर गेली. आधी कडेचं दिसेना, मग मधलंही दिसेनासं झालं. त्यानंतर सहा वर्षं मी तिला हाताला धरून सगळीकडे नेत होतो. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. बहिणीला सांभाळणारा भाऊ म्हणून लोक कौतुकानं बघायचे. तिला मात्र ते अजिबात आवडत नव्हतं.

मेटगळ्ळीला आंधळ्या लोकांची एक छोटी संस्था आहे. तिथं अक्का पांढरी काठी घेऊन चालायला शिकली, खुर्च्यांना वेत विणायला शिकली, आणि वर्षभरात तिथंच दुसऱ्यांना विणायला शिकवू लागली. बस थेट संस्थेच्या दारात थांबायची, तिथं उतरवून घ्यायला माणसं होती. अडचण होती ती आमच्या घरापासून बसस्टॉपपर्यंत. तेवढ्यासाठी तिला माझी वाट बघावी लागायची, आणि मी कामावर अडकलो की तिची बस चुकायची.

"दोनशे फूट, मोहना," ती म्हणायची. "मला काशी नको, रामेश्वर नको. हे दोनशे फूट तेवढे एकटीनं जायचे आहेत."

पण ते दोनशे फूट डोळसांनाही जड होते. अर्ध्या शहाबाद्या फुटलेल्या, मध्येच ट्रान्सफॉर्मर, त्याच्यापुढे शहाळीवाल्याचा ढीग, आणि जिथं जागा उरेल तिथं कुणाची तरी स्कूटर. फुटपाथ चालायला असतो हे आमच्या गल्लीत कुणाला सांगितलं असतं तर लोक हसले असते.

मग एक दिवस कळलं की तोच फुटपाथ नव्यानं करायचा आहे. आंधळ्यांसाठी मधोमध पिवळ्या फरश्या बसवायच्या आहेत, आणि काम माझ्याकडेच येणार आहे. मला आकाश ठेंगणं झालं.

कामावरचे इंजिनियर हयग्रीव. तरुण माणूस, वाईट नाही, पण एका वेळी सात रस्ते त्यांच्या गळ्यात. नकाशात मधोमध एक पिवळी रेघ ओढली होती, त्यापलीकडे काही नाही. कडकोळच्या कारखान्यातून लॉरी आली, तिच्यात दोन जातींच्या फरश्या. अर्ध्यांवर लांब उठावाच्या रेघा, अर्ध्यांवर गोल ठिपके. कुठली कुठं घालायची म्हणून मी विचारलं.

फोनवरून मान वर न करता ते म्हणाले, "चेन्नागि काणिसबेकु, मोहनरावरे. अष्टे."

छान दिसलं पाहिजे, बस्स. आता छान दिसण्याची गोष्ट कुणी मला शिकवावी? मी त्या रेघा बघितल्या, ते ठिपके बघितले आणि मला वडिलांचा काठ आठवला. तीन रेघा, एक बुट्टी म्हणजे गोल नक्षी, पुन्हा तीन रेघा, एक बुट्टी, असा तो लुगड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावायचा. त्याचा एक नियम होता. काठ बुट्टीवर तोडायचा नाही, रेघेवर सोडायचा, म्हणजे पुढचा तुकडा जोडला तर सांधा कळत नाही. या नियमासाठी मी लहानपणी मार खाल्लेला आहे. त्यामुळे तो मी बरोबर पाळला. दोनशे फूट तीनास एक असा काठ घातला आणि बसस्टॉपच्या टोकाला, जिथं फुटपाथ संपून दीड फूट खाली रस्ता लागतो, तिथं कडेपर्यंत रेघेच्याच फरश्या नेल्या. लोक थांबून बघायचे. एका वर्तमानपत्रात फोटोही आला.

त्या संध्याकाळी मी अक्कापुढं फुशारकी मारत बसलो. तिनं एकच विचारलं.

"ठिपके कुठं घातलेस रे?"

"सगळीकडे! तीन रेघांमागं एक. आप्पांचा काठच घातलाय बघ तुझ्यासाठी."

"संस्थेत सांगतात, रेघ म्हणजे चाल आणि ठिपका म्हणजे थांब."

"ते त्यांचं काही असेल. इंजिनियरनं पास केलंय की! तू सुम्मने, काही न विचारता चाल, अक्का. मी घातलंय ना?"

"तू घातलंयस म्हणजे बरोबरच असेल," ती म्हणाली.

मंगळवारी सकाळी ती एकटी निघाली. मी पायरीवर उभा राहून बघत होतो. पहिल्या ठिपक्यांवर ती थांबली, काठीनं चाचपलं, पुढं काही नाही. दुसऱ्या ठिपक्यांवर थांबली, काही नाही. तिसऱ्यावर थोडीच थांबली. दहाव्यानंतर थांबायचं तिनं सोडूनच दिलं आणि झपझप चालू लागली. मला वाटलं, पायाला सवय झाली. छाती भरून आली माझी. बायकोला, जमुनाला, मी हाक मारली की ये बघ, अक्का कशी चाललीय.

मग टोक आलं. पायाखाली रेघा होत्या, आणि रेघा म्हणजे चाल. मी "अक्का, थांब!" म्हणून ओरडलो तोवर ती रस्त्यावर पडली होती. येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरनं ब्रेक मारला म्हणून ती आज आहे. चाक तिच्या डोक्यापासून दोन हातांवर थांबलं होतं.

मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन करून सळई घातली. तीन महिने ती पडून होती, आणि तीन महिन्यांत तिनं मला एक वाकडा शब्द ऐकवला नाही. भेटायला येणाऱ्यांना सांगायची, "माझंच पाऊल चुकलं हो." चार शिव्या घातल्या असत्या तर मी मोकळा तरी झालो असतो. ती नियम सांगत होती आणि मी तिला सुम्मने चाल म्हणालो होतो. हे तिला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि दोघंही ते बोलत नव्हतो.

पुढं ती वॉकर धरून घरात फिरू लागली, पण उंबऱ्याबाहेर पडेना. पांढरी काठी दारामागं उभी होती तशीच राहिली. संस्थेतून फोन यायचा, ती म्हणायची, "बघू." एकदा दवाखान्यात न्यायला मी हात पुढं केला, तर तिनं तो निमूट धरला. पूर्वी हात धरताना तिची बोटं ताठ असायची, सुटायला बघायची. आता ती माझ्या हातात ढिली पडून राहिली. मला त्या दिवशी पहिल्यांदा रडू आलं.

दुसऱ्या दिवशी मी शिल्लक फरश्यांतली एक रेघेची आणि एक ठिपक्याची घरी आणली आणि तिच्या मांडीवर पंचा घालून त्यावर ठेवली. तिनं दोन्ही हातांनी त्या चाचपल्या. बोटं कडांवरून फिरली, प्रत्येक ठिपका तिनं मोजला. लहानपणी नवा ठसा आला की ती असाच हातानं तपासायची.

"फरशी चांगली आहे," ती म्हणाली.

"अक्का, चूक माझी झाली."

"झाली." पहिल्यांदा तिचा आवाज चढला. "तू काठ छापलास, मोहना. डोळ्यांना दिसायचा काठ. बघणाऱ्यांनी वाहवा केली आणि तू खूश झालास. अरे, दर चौथ्या पावलाला ती फरशी मला थांब म्हणत होती आणि पुढं काही नसायचं. खोट्या माणसाचं आपण किती वेळ ऐकतो? मी ऐकणं सोडलं. आणि खरं थांबायचं होतं तिथं ती चाल म्हणाली."

"मग तू चाललीस कशाला? तुला तर नियम माहीत होता!"

"तू घातलं होतंस म्हणून," ती म्हणाली, आणि फरश्या बाजूला सारल्या.

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. सकाळी कन्नडात एक अर्ज लिहिला. काम पास झालेलं असलं तरी चुकीचं आहे, मांडणी माझी आहे, चूक माझी आहे, फरश्या उखडून माझ्या खर्चानं पुन्हा बसवायची परवानगी द्यावी. जमुनानं वाचून कपाळावर हात मारला. म्हणाली, "कुणी विचारलं नाही, कुणी तक्रार केली नाही. हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेता? पुढं कुणी काम देईल का?" तिचं खोटं नव्हतं. पण मला आता दुसरा धाक होता. त्या फुटपाथवरून उद्या दुसरं कुणी चालत जाईल, आणि त्याच्यासाठी थांब म्हणून ओरडायला पायरीवर कुणी उभं नसेल.

हयग्रीवांनी अर्ज दोनदा वाचला. घाम पुसला. कामावर त्यांचीही सही होती.

"मोहनरावरे," ते कन्नडात म्हणाले, "दुसऱ्याची चूक कळवणारे अर्ज माझ्याकडे रोज दहा येतात. स्वतःची कळवणारा हा पहिला. कुठल्या फाइलीत लावायचा तेच मला कळत नाही."

"कुठल्याही लावा, सर. फक्त लावा."

त्यांनी अर्ज बाजूला ठेवून दुसरी फाइल चाळायला घेतली. मी एका ठिकाणी उभा राहिलो की हलत नाही, हे त्यांना कामावरून माहीत होतं. शेवटी त्यांनी अर्जावर शेरा मारला, आणि खाली आपल्या हातानं आणखी एक ओळ लिहिली, की टोकाची दीड फुटाची पायरी मोडून तिथं व्हीलचेअर उतरेल असा उतार करावा. मला म्हणाले, "चूक तुमच्या एकट्याची नाही. तुम्ही विचारलं होतं, मी फोनवर होतो."

काम सहा दिवस चाललं. अक्काला मी म्हटलं, तू आलीस तरच उखडतो. मांडणी सांगायला मला डोळसांतलं कुणी नको. ती एक दिवस हो नाही करत राहिली, मग वॉकर धरून आली. शहाळीवाल्यानं तिला खुर्ची दिली आणि कुणी न सांगता ढीग भिंतीकडे सरकवला. स्कूटरवाल्यांशी मात्र मी रोज भांडलो, आणि त्याचा मला जराही पश्चात्ताप नाही.

मी फरशी बसवायची, अक्कानं चप्पल काढून तळव्यानं तपासायची, असं चाललं होतं. ट्रान्सफॉर्मरपुढं ठिपके, त्याला वळसा घालून पुन्हा रेघ. फाटकासमोर ठिपके. बाकी सगळी सरळ रेघ, कुठं नक्षी नाही. लोक यायचे, बघायचे, आणि आधीचं छान होतं म्हणून निघून जायचे. शेवटी टोक आलं. उताराच्या अलीकडे फुटपाथच्या पूर्ण रुंदीत ठिपक्यांच्या दोन ओळी घालायच्या होत्या. तिथं माझा हात अडला. डोक्यात सगळं पटलेलं होतं, तरी लहानपणचा मार आठवतो माणसाला.

अक्काला ते न बघता कळलं.

"आप्पांनी मारलं असतं ना?" ती म्हणाली. "तोड. बुट्टीवरच तोड."

मी तोडला.

काम वाळल्यावर पुढच्या मंगळवारी सकाळी ती नेहमीची पिशवी घेऊन दारात आली. वॉकर आत ठेवला होता, हातात पांढरी काठी होती. पाय अजून ओढत होता. मी सवयीनं तिचा हात धरला आणि आम्ही फाटकापर्यंत गेलो. तिथं तिची बोटं माझ्या हातात ताठ झाली.

"हात सोड, मोहना."

मला सोडवेना. म्हटलं, आजच्या दिवस मी मागून येतो.

"तू मागून आलास तर मी तुझ्या पावलांकडे कान देईन. मला फरशीचं ऐकायचंय."

मी हात सोडला. ती निघाली. फाटकासमोरच्या ठिपक्यांवर थांबली, चाचपलं, पुढं झाली. ट्रान्सफॉर्मरपाशी थांबली, वळली. मग लांब सरळ रेघ होती, आणि तिची चाल वाढली. माझं तोंड उघडलं होतं. ओरडू नये म्हणून मी पंच्याचा बोळा तोंडात धरला. पंधरा फूट राहिले, दहा राहिले, मग पाच. समोरून बस येताना दिसत होती.

टोकाला ठिपक्यांवर तिचं पाऊल पडलं आणि ती थांबली. बस तिच्यासमोरून सरकत जाऊन उभी राहिली. अक्कानं मागं वळून, मी जिथं असेन असं तिला वाटलं तिकडे तोंड केलं. दिशा थोडी चुकली होती. ती शहाळीवाल्याकडे बघून बोलत होती.

"फरशी खरं बोलते रे आता," ती मोठ्यानं म्हणाली. "जा तू घरी."

मी घरी निघालो. मागं वळून बघितलं नाही असं म्हटलं तर खोटं होईल. दोनदा बघितलं. दुसऱ्यांदा बघितलं तेव्हा टोकाला कुणी नव्हतं, बस निघून गेली होती.