तीसपैकी अठ्ठावीस

तीसपैकी अठ्ठावीस. माझ्या लेकीला स्वतःबद्दल म्हणे इतका आदर आहे, की तिला आता इथे यायची गरजच उरली नाही.

समुपदेशक बाईंनी लेकीने भरलेला कागद माझ्यापुढे सरकवला. गुण पंधराच्या खाली असले तर दर आठवड्याला यायचं, वर गेले की जागा दुसऱ्याला द्यायची, असा त्यांचा नियम. बाहेर बाकांवर माणसं ताटकळत होती, मला काय दिसत नव्हतं? पण दोन महिन्यांपूर्वी घरात होत्या नव्हत्या तेवढ्या गोळ्या गिळलेली मुलगी 'मी स्वतःला आवडते' याच्यापुढे 'पूर्ण सहमत' अशी खूण करते, आणि ही शिकलेली माणसं ते खरं मानतात! माझ्या डोक्यात तिडीकच गेली.

म्हटलं, अहो, ही पोरगी टेबलाला धडकली तर टेबलाची माफी मागते. पानात दुसऱ्यांदा वाढून घेत नाही, मला कशाला उगाच, म्हणते. अंघोळीला गेली की मी दाराबाहेर उभी असते, पाणी वाजतंय ना ते ऐकत. हिला अठ्ठावीस? बाई चिडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, की ही काही परीक्षा नाही, यात बरोबर उत्तर असं नसतंच.

परीक्षा नाही, हे माझ्या लेकीला कोण सांगणार! मी घरी गणिताच्या शिकवण्या घेते. लेक बोलायला लागली तेव्हापासून तिच्यापुढे प्रश्नपत्रिका ठेवतेय. तपासणाऱ्याला काय हवंय ते आधी ओळखायचं, हे मीच तिच्या डोक्यात भरलंय, आणि तिच्या गुणांचा तोरा चारचौघांत मीच मिरवलाय. 'मी नसले तरी कुणाचं काही अडणार नाही' याच्यापुढे तिने 'मुळीच सहमत नाही' निवडलं होतं. कुठे खाडाखोड नाही, काही नाही.

मी बाईंच्या अक्षरशः हातापाया पडले. शेवटी त्यांनी त्याच वाक्यांचा एक न भरलेला कागद दिला. म्हणाल्या, मला वरिष्ठांना काहीतरी दाखवावं लागतं, तिला शांतपणे मनातलं भरू द्या, तुम्ही मध्ये बोलू नका.

मध्ये बोलू नका म्हणे! लेक व्हरांड्यात बसली होती, येणाऱ्याजाणाऱ्यांना अडचण नको म्हणून पाय बाकाखाली ओढून. मी तिच्या हातात कागद आणि पेन दिलं, पण गप्प बसवेना.

"अगं, या वेळी खरं लिही," मी म्हटलं. "इतके गुण पडले तर तुझे उपचार बंद करतायत ते."

तिचा चेहरा खर्रकन उतरला. "माझं काही चुकलं का?"

"चुकलं नाही गं राणी. तुला जसं वाटतं तसं लिही, बस."

तिने कागद मांडीवर सरळ केला. सगळी वाक्यं एकदा वाचून काढली. पेनाचं टोपण काढलं आणि थांबली. मला वाटलं आता रडेल, आणि रडली तर बरंच होईल. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

तिने माझ्याकडे बघितलं, शिकवणीला पहिल्या दिवशी आलेली मुलं बघतात तसं, अगदी मन लावून.

"आई, किती पडायला हवेत ते सांग ना," ती म्हणाली. "तेवढेच पाडते."